रक्ताच्या गुठळीसाठी पोटात घ्यायचं इंजेक्शन: घरी टोचणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव या पट्ट्यातले पेशंट बेळगावात, कोल्हापुरात नाहीतर मिरजेत ऑपरेशन करून घेतात आणि चार-सहा दिवसांनी पिशवीत भरलेल्या सिरिंजा घेऊन गावी परततात. डिस्चार्जच्या कागदावर एकच ओळ असते: एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम, त्वचेखाली, दिवसातून एकदा. पुढचं सगळं घरच्यांनी निभवायचं. इथले प्रश्न त्या ओळीनंतरचे आहेत. डोस किती आणि किती दिवस हे तुमचे डॉक्टर ठरवतील. ते हे वाचून कुणी परस्पर बदलू नये.

हे इंजेक्शन रक्त खरंच पातळ करतं का?

नाही. ‘रक्त पातळ करणारं’ हे बोलण्यातलं नाव. रक्त पाण्यासारखं होत नाही, फक्त गोठायला वेळ लागतो. आपल्या रक्तात अँटिथ्रॉम्बिन नावाचं एक प्रथिन असतं, गोठण्याला लगाम घालणारं. एनॉक्सापॅरिन त्याला चिकटतं आणि त्याचा जोर कितीतरी पटींनी वाढवतं, त्यामुळे गोठण्याच्या साखळीतला ‘फॅक्टर टेन-ए’ हा दुवा अडतो.

झालेली गुठळी हे औषध विरघळवत नाही. ती वाढू देत नाही आणि नवी होऊ देत नाही, एवढंच. विरघळवायचं काम शरीर स्वतः आठवड्या-महिन्यांत करतं. म्हणून पायाची सूज आठवड्यात उतरली तरी गुठळीवरचा उपचार किमान तीन महिने चालतो. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून मधेच बंद करणं ही सर्वांत जास्त घडणारी चूक.

हेपॅरिन आणि हे एकच का?

एकाच घरातले, पण अदलाबदल करायचे नाहीत. हेपॅरिन १९१६ साली अमेरिकेत बाल्टिमोरला जे मॅक्लीन या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या हाती लागलं. ते कुत्र्याच्या यकृतातून निघालं म्हणून ग्रीक भाषेतल्या यकृताच्या शब्दावरून नाव पडलं. साध्या हेपॅरिनचा परिणाम माणसागणिक बदलतो, शिरेतून चालू असेल तर वारंवार रक्त तपासावं लागतं. त्याच हेपॅरिनचे लहान तुकडे केले की एनॉक्सापॅरिन मिळतं. त्याचा परिणाम बराच एकसारखा असतो, म्हणून ते घरी देता येतं. डाल्टेपॅरिन हे त्याच जातीचं दुसरं औषध. मेडिकलमध्ये ‘हे नाही, पण हेपॅरिन आहे, तेच असतं’ असं कुणी म्हटलं तर घेऊ नका. हेपॅरिनचं माप युनिटमध्ये असतं, याचं मिलिग्रॅममध्ये. गणित जुळत नाही.

हे डुकरापासून बनतं असं ऐकलं. खरं आहे का?

खरं आहे. डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढलेलं हेपॅरिन हाच त्याचा कच्चा माल. आपल्या भागात मुस्लिम, जैन, लिंगायत घरं पुष्कळ आहेत, आणि बऱ्याच जणांना हे कुणी सांगतच नाही. डिस्चार्जनंतर कळलं की घरात गोंधळ होतो आणि मधेच डोस थांबतो. तसं करू नका. विचारायचं तर आधी विचारा: फोंडापॅरिनक्स नावाचं प्रयोगशाळेत बनवलेलं, प्राण्यापासून न आलेलं इंजेक्शन आहे. प्रतिबंधासाठी त्याचा डोस २.५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. मूत्रपिंड कमजोर असेल तर ते चालत नाही आणि शरीरात जास्त वेळ टिकतं, म्हणून निर्णय डॉक्टरांचा. काहींना गोळ्याही चालतात.

शेजारच्या काकांना ४० आणि आमच्या आईला ६० दोनदा. असं का?

काकांना गुठळी होऊ नये म्हणून देतायत, आईला झालेल्या गुठळीवर. प्रतिबंधाचा नेहमीचा डोस ४० मिलिग्रॅम, चोवीस तासांत एकदा. उपचाराचा डोस वजनावर: किलोमागे १ मिलिग्रॅम, दर बारा तासांनी, काही वेळा किलोमागे १.५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. म्हणजे ६० किलोच्या बाईला ६० मिलिग्रॅम दोन वेळा.

म्हणूनच वजन अंदाजाने सांगू नका. ‘असेल साठ-पासष्ट’ यातल्या पाच किलोंचा सरळ पाच मिलिग्रॅमचा फरक पडतो. काट्यावर उभं करून बघा.

औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे मूत्रपिंड कमजोर असेल, तर डोस कमी करावा लागतो. उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसाला दोन-तीन दिवस जुलाब झाले, लघवी कमी झाली, तरी औषध अंगात साठू शकतं. अशा वेळी पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

किती दिवस?

खुब्याचा सांधा बदलला असेल तर ३५ दिवसांपर्यंत, गुडघ्याला निदान १० ते १४ दिवस. पोटातल्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर साधारण चार आठवडे. कागदावर ‘टिल रिव्ह्यू’ (पुढच्या तपासणीपर्यंत) लिहिलं असेल तर पुढच्या तपासणीची तारीख आणि सिरिंजांची संख्या जुळते का ते दवाखान्यातच मोजून घ्या. रविवारी किंवा अमावास्येला शेवटची सुई संपली आणि गावातलं मेडिकल बंद, हे नेहमीचं.

पोटातच का? दंडात नाही चालत?

औषध स्नायूत जाता कामा नये, कातडीखालच्या चरबीत राहायला हवं. ती पोटावर पुरेशी असते आणि स्वतःला टोचताना दिसतेही. बेंबीपासून किमान पाच सेंटीमीटर, म्हणजे तीन बोटं लांब, डावीकडे किंवा उजवीकडे. आज डावी, उद्या उजवी. ऑपरेशनचा व्रण, जुना निळा डाग, टणक जागा टाळा. पोटावर टाके असतील तर मांडीची बाहेरची बाजू चालते.

नीट सांगा, टोचायचं कसं?

साबणाने हात धुवा. पेशंटला आडवं करा किंवा मागे रेलून बसवा. स्पिरिटचा बोळा फिरवा आणि वाळू द्या. ओल्या स्पिरिटवर टोचलं की चुरचुरतं आणि दोष सुईला लागतो.

टोपण सरळ ओढा. पिळून काढलं तर सुई वाकते. सुईच्या टोकाला थेंब लोंबत असेल तर सुई खाली धरून सिरिंजला टिचकी मारा; तो थेंब सुईबरोबर कातडीत गेला की तिथेच निळं पडतं.

डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने कातडीची जाड चिमूट धरा आणि शेवटपर्यंत सोडू नका. सुई काटकोनात, पूर्ण आत. ती जेमतेम अर्धा इंच असते. भीतीने अर्धीच घातली तर औषध वरच्या थरात राहतं, दुखतं आणि गाठ येते. दट्ट्या मागे ओढून ‘रक्त येतंय का’ बघायची जुन्या कंपाउंडरांची सवय असते. इथे ते करायचं नाही, त्याने डाग वाढतो. सावकाश दाबा, मनात तीसपर्यंत आकडे मोजत. सुई आली तशी सरळ बाहेर काढा, मग चिमूट सोडा. कोरडा कापूस मिनिट-दोन मिनिटं दाबून धरा. चोळू नका. चोळणं ही आपल्या हाताची सवयच आहे, म्हणून परत सांगतो: चोळू नका.

काही सिरिंजांत दट्ट्या शेवटी जोरात दाबला की सुईवर प्लास्टिकची नळी सरकते. ती सुई बाहेर काढल्यावर, तोंड आपल्यापासून दूर करून दाबायची.

सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा दिसतो. काढायचा?

पूर्ण सिरिंज द्यायची असेल तर नाही. तो बुडबुडा मुद्दाम ठेवलेला असतो. सुई खाली असताना तो दट्ट्याकडे राहतो आणि शेवटचा थेंब पुढे ढकलतो. काढायला जाल तर औषधच सांडेल. ६० च्या सिरिंजमधून ५० द्यायचं असेल तेव्हा मात्र सुई खाली धरून जादा औषध आधी बाहेर टाकायचं, मग टोचायचं. त्यासाठी रेघा असलेली सिरिंज लागते. ४० च्या सिरिंजवर बहुधा रेघा नसतात.

कुपी स्वस्त पडते. इन्शुलिनच्या सुईने काढून दिलं तर?

इथे जपून. एनॉक्सापॅरिनची ताकद बहुधा एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असते, म्हणजे ४० मिलिग्रॅम हे ०.४ मिलिलिटर. इन्शुलिनच्या सिरिंजा दोन प्रकारच्या मिळतात. नारिंगी टोपणाची शंभराची: तिच्यावर ४० च्या रेघेपर्यंत ०.४ मिलिलिटर. लाल टोपणाची चाळिसाची: तिच्यावर ४० ची रेघ म्हणजे पूर्ण १ मिलिलिटर. लाल टोपणाच्या सिरिंजने ‘चाळीस’ काढलं तर अंगात १०० मिलिग्रॅम गेलं, अडीचपट! घरात आजोबांना साखर असेल तर लालवाली हाताशीच असते, आणि घोळ तिथेच होतो. शक्यतो भरलेलीच सिरिंज घ्या. कुपीच वापरायची तर मिलिलिटरच्या रेघा असलेली सिरिंज घ्या आणि पहिल्यांदा नर्सकडून भरून दाखवून घ्या. बऱ्याच कुप्यांत बेंझाइल अल्कोहोल असतं, म्हणून गरोदर बाईसाठी ती नकोच.

पोटभर निळे डाग पडलेत. बंद करू?

रुपयाएवढे डाग, छोट्या गाठी या नेहमीच्या. आठवड्या-दोन आठवड्यांत हिरवट-पिवळे होऊन जातात. तळहाताएवढा, रोज पसरणारा, टणक किंवा तापलेला डाग मात्र दाखवा. टोचलेल्या जागी कातडी काळी पडायला लागली तर पुढचा डोस न देता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

एक डोस चुकला. आता दोन देऊ?

दोन कधीच नाही. आठवण झाली तशी द्या, पण पुढच्या डोसाची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या आणि कागदावर लिहून ठेवा. घरात दोघं-तिघं टोचणारे असतील तर कॅलेंडरवर वेळ आणि बाजू लिहा: ‘रात्री ९, डावी’. सकाळी सुनेने दिलं आणि दुपारी मुलाने परत दिलं, असं घडतं. जेवणाशी या औषधाचा संबंध नाही. उपवास असला तरी वेळ तीच.

अंग दुखतं म्हणून गावातल्या डॉक्टरांनी कमरेत सुई दिली तर?

हा प्रश्न आधीच विचारलात हे बरं केलंत. कमरेतली सुई स्नायूत जाते. रक्त गोठणं मंद असताना स्नायूत रक्त साठून मोठी गाठ होऊ शकते. त्यात ती सुई डायक्लोफेनॅकची असेल तर दुहेरी धोका, कारण डायक्लोफेनॅक आणि आयब्युप्रोफेन ही दुखण्यावरची औषधं पोटातून रक्तस्राव वाढवतात. अंगदुखीला, तापाला पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल या गुठळी टाळणाऱ्या गोळ्यांपैकी काही आधीपासून चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगा. मनाने चालू ठेवू नका आणि बंदही करू नका.

कन्नड नीट येत नसेल आणि समोरच्याला मराठी येत नसेल, तर समजावत बसू नका. डिस्चार्जचा कागद किंवा सिरिंजचा खोका समोर धरा. औषधाचं इंग्रजी नाव सगळे वाचतात.

बाळंतिणीला हे देतायत. मालिश, शेक, दूध यांचं काय?

दूध पाजायला हरकत नाही. गरोदरपणातही हेच औषध निवडतात, कारण त्याचा रेणू मोठा असल्याने ते वारेतून बाळाकडे जात नाही. वॉरफरिन, म्हणजे रक्त गोठणं मंद करणारी गोळी, मात्र जाते आणि बाळाला अपाय करते. कळा सुरू झाल्यासारखं वाटलं तर पुढची सुई थांबवा आणि दवाखाना गाठा. पाठीतून भूल द्यायची तर प्रतिबंधाच्या डोसानंतर १२ तास आणि उपचाराच्या डोसानंतर २४ तास जावे लागतात, म्हणून शेवटच्या सुईची वेळ तोंडपाठ हवी.

मालिशवाल्या मावशींना दोन गोष्टी सांगून ठेवा. पोटावर जिथे टोचतो तिथे हात नको, शेगडीचा शेक नको. आणि एका पायाला सूज, दुखणं, गरमी असेल तर त्या पायाला अजिबात मालिश नको. ‘वात आलाय’, ‘शीर चढलीय’ म्हणत चोळलेली गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

बाळंतपणानंतर ज्यांना सहा आठवडे सांगितलंय त्यांचे दिवस ४२ भरतात. आपल्याकडे सव्वा महिना झाला, न्हाणं झालं, बाई माहेरहून सासरी निघाली की इंजेक्शनही संपलं असं धरतात. सव्वा महिना म्हणजे अडतीस-चाळीस दिवस. राहिलेल्या सुया बरोबर द्या. आणि सव्वा महिना खाटेवर पडून राहायचं नाही. घरातल्या घरात चालणं हेही गुठळीवरचं औषधच आहे.

पालेभाज्या बंद करायच्या का?

या इंजेक्शनसाठी नाही. मेथी, पालक, शेपू, अंबाडी काहीही खा. पालेभाजीचं पथ्य वॉरफरिन आणि ॲसिट्रॉमच्या गोळ्यांचं, आणि तिथेही ‘बंद’ नव्हे तर ‘रोज साधारण सारखी’ असं. या इंजेक्शनने क्वचित रक्तातलं पोटॅशियम वाढतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर रोज शहाळं पिण्याआधी विचारा, कारण शहाळ्यातही पोटॅशियम असतं.

फ्रिजमध्ये ठेवायचं?

गरज नाही. गोठलं तर फेकावं लागतं, त्यामुळे बर्फाच्या कप्प्यात तर नकोच. खोक्यावर लिहिलेलं तापमान पाहा, बहुधा २५ अंशांच्या खाली. बेळगाव-खानापुरात वर्षातले बरेच महिने हे सहज जमतं; अथणी, रायबाग किंवा भालकीकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरात नाही. तिथे मातीच्या घरातलं अंधारं कपाट, जमिनीलगत. उन्हात उभ्या गाडीत पिशवी ठेवू नका. सौंदत्तीला किंवा पंढरपूरला निघालात तर सुया आणि कागद अंगावरच्या पिशवीत ठेवा, डिकीत नाही.

रक्ततपासणी कोणती?

वॉरफरिनसारखी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) लागत नाही. हिमोग्लोबिन, प्लेटलेट, क्रिएटिनिन सांगतील तेव्हा. पाचव्या ते चौदाव्या दिवसांत सांगितलेली प्लेटलेटची तपासणी टाळू नका. क्वचित शरीर या औषधाविरुद्ध उलटतं, प्लेटलेट निम्म्याने किंवा त्याहून खाली येतात आणि विचित्र म्हणजे रक्तस्रावाऐवजी नव्या गुठळ्या होतात. तेव्हा औषध लगेच बदलावं लागतं. पूर्वी कधी हेपॅरिनने असं झालं असेल तर पहिल्याच दिवशी सांगा. डेंग्यूचा ताप आला तरी तेच: हे इंजेक्शन चालू आहे, हे पहिलं वाक्य.

इंजेक्शनवरून गोळीवर कधी जायचं?

गोळीवर अवलंबून. वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉमला चढायला वेळ लागतो, म्हणून इंजेक्शन आणि गोळी किमान पाच दिवस बरोबर चालतात आणि आयएनआर २ च्या वर टिकल्यावरच सुई थांबते. रिव्हारोक्साबॅन, ॲपिक्साबॅनचं उलटं: पुढची सुई द्यायच्या वेळी गोळी सुरू, सुई बंद. दोन्ही एकत्र घेतलं तर रक्तस्राव. कुठल्या गटातली गोळी आहे हे विचारूनच घरी या.

कशासाठी ताबडतोब निघायचं?

काळी डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी, लघवीतून रक्त, डोक्याला मार किंवा अचानक जोराचं डोकं दुखणं, बोलणं अडखळणं. पाठीत भूल दिलेल्या माणसाची पाठ दुखून पाय बधिर होणं, लघवी अडणं. यात तासांचा हिशेब असतो. आणि गुठळीची लक्षणं: अचानक दम, छातीत कळ, खोकल्यातून रक्त, चक्कर येऊन पडणं. १०८ कर्नाटकातही चालतो आणि महाराष्ट्रातही. सीमेवरच्या गावातून बोलताना आधी जिल्हा, तालुका, मग गाव सांगा. शेवटची सुई किती वाजता दिली तेही सांगा. प्रोटामिन हा उतारा आहे, पण या औषधावर तो अर्धवटच चालतो, म्हणून उशीर नको.

कोयत्याने बोट कापलं तर दहा मिनिटं न उघडता दाबा. तरी थांबलं नाही तर निघा. खानापूरकडे भातात घोणस-फुरसं चावलं तर या इंजेक्शनचं आधी सांगा, कारण विषाचं निदान रक्त गोठण्यावरून करतात आणि हे औषध त्यात घोळ घालू शकतं. दात काढायचा असेल तर आधी विचारा.

खर्च कसा भागवायचा?

कंपनीगणिक किमतीत बराच फरक असतो. औषध तेच आणि मिलिग्रॅम तेच हे डॉक्टरांकडून तपासून स्वस्तातलं घ्या. जनऔषधी दुकानात विचारा. आयुष्मान भारतच्या पॅकेजात डिस्चार्जनंतरची १५ दिवसांपर्यंतची औषधं धरलेली असतात, म्हणून घरी निघण्याआधीच मागा. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं. कर्नाटकाने त्याला विरोध केला. कोल्हापूर-मिरजेला जाणार असाल तर भरती होण्याआधीच दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्याला) आपलं कार्ड चालतं का ते विचारा.

वापरलेल्या सुया कुठे टाकायच्या?

उकिरड्यावर नाही, घंटागाडीतही नाही. उकिरड्याचं खत शेतात जातं आणि भांगलणाऱ्या बाईच्या तळव्यात सुई निघते. फिनेलची जाड रिकामी बाटली घ्या, वर ‘सुया’ लिहा. टोपण परत न लावता सुई खाली करून आत टाका. पाऊण भरली की झाकण घट्ट लावून प्राथमिक आरोग्य केंद्रात द्या; आशाताईंना आधी सांगितलंत तर कुठल्या दिवशी आणायची ते सांगतील.